तांबोळी बाईंचं पान

तांबोळी बाई सोळा वर्षांच्या मुलीलाही 'अहो' म्हणायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या टायपिंगच्या वर्गात गेले तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "आडनाव?"

"गायकवाड."

"बसा, गायकवाड. चपला बाहेर. पाठ सरळ."

तोवर मला कोणी 'बसा' म्हटलेलं नव्हतं. मागून आई आली की काय म्हणून मी वळून बघितलं. बाईंनी ते हेरलं. म्हणाल्या, "तुम्हालाच म्हणतेय. उद्या ऑफिसात बसाल तेव्हा कोणी अगं-तुगं केलं तर चालेल तुम्हाला? मग आत्तापासून सवय करा."

भोरच्या बाजारपेठेत बाईंच्या दिरांचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या वर एक लांबट खोली, तिथे अकरा टाईपरायटर, त्यातले नऊ चालणारे. मी किकवीहून एसटीनं कापूरहोळला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं भोरला यायचे. बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या. उंच, सडसडीत, डोक्यावरून घेतलेला पदर पिनेनं पक्का बसवलेला, नाकावर घसरलेला चष्मा. मिस्टर लवकर गेल्यावर त्यांनी मामलेदार कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाईप केले, त्यातून हा वर्ग उभा केला, असं लोक सांगत. बाईंनी स्वतः कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "तो मजकूर जुना झाला. पुढचा कागद लावा."

त्यांचे कान विलक्षण तिखट होते. आमच्याकडे पाठ करून खिडकीतून रस्ता बघत उभ्या असायच्या आणि मधेच म्हणायच्या, "तिसऱ्या मशीनवर करंगळी झोपलीय." तिसऱ्या मशीनवर बसलेला मुलगा दचकून करंगळी उठवायचा. नऊ मशिनांच्या खडखडाटातून एक चुकलेलं बोट त्यांना कसं ऐकू यायचं, देव जाणे.

पण त्यांचा खरा जीव होता तो शीर्षकावर. शीर्षक कागदाच्या बरोबर मधोमध आलंच पाहिजे. त्यासाठी अक्षरं मोजायची, निम्मी करायची आणि कागदाच्या मध्यापासून तितकी घरं मागे येऊन सुरुवात करायची. एका घराचा फरक पडला तरी बाई कागद काढून घेत. फाडत नसत. मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा टाईप करायला लावत.

आणि या शीर्षकापायीच बाई इंटरनेटवर गेल्या.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ईदला बाई पुण्याला भाच्याकडे गेल्या होत्या. भाच्यानं कौतुकानं त्यांना कॉम्प्युटरवर एका कंपनीचं पान उघडून दाखवलं. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "हेडिंग मधोमध नाहीये."

भाचा हसला. "फुफी, ते असंच आहे."

"असंच कसं? हे टाईप कोणी केलं? त्यांना कोणी शिकवलं नाही?"

भाच्यानं सांगितलं की ही पानं कोणीही बनवू शकतं, त्याचे कोर्स असतात आणि आता तर घरबसल्या इंटरनेटवरूनच शिकता येतं. परत आल्यावर बाईंनी हे सगळं आम्हाला अगदी गंभीरपणे सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "जगभर लोक वाचतायत आणि हेडिंग डावीकडे सरकलेलं. कोणीतरी बघायला नको?"

महिन्याभरात एक वापरलेला कॉम्प्युटर टेम्पोतून, गोधडीत गुंडाळलेला, जिन्यावरून वर आला. खालच्या दुकानातल्या फोनची वायर खिडकीतून वर ओढली गेली. अडचण एवढीच होती की खाली जाऊबाईंनी फोन उचलला की वर इंटरनेट तुटायचं. मग बाईंनी तोडगा काढला. बाई कॉम्प्युटरवर असल्या की दुकानातल्या रिसिव्हरला एक लाल बांगडी अडकवलेली असायची. बांगडी दिसली की फोनला हात लावायचा नाही. गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, "बाई शाळेत गेल्यात वाटतं?"

शाळा म्हणजे मुंबईच्या एका संस्थेचा वेब डिझाईनचा ऑनलाईन कोर्स. धडे ई-मेलनं येणार, गृहपाठ ई-मेलनं जाणार. शिक्षक दिसणार नाही. "मग पाठ सरळ ठेवायला कोण सांगणार?" असं बाईंनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच ताठ बसल्या.

नाव नोंदवण्यातच आठवडा गेला. त्या फॉर्ममध्ये आपलं एक नाव निवडायचं होतं. बाईंनी 'तांबोळी' लिहिलं. हे नाव आधीच घेतलेलं आहे, असं उत्तर आलं. आम्हाला वाटलं बाई चिडतील. त्यांना आनंदच झाला. "म्हणजे आपलं कोणीतरी माझ्याआधी येऊन गेलंय!" मग कॉम्प्युटरनं तांबोळीपुढे तीन आकडे लावून दाखवले. "मी काय कैदी आहे नंबर लावायला?" म्हणून बाईंनी 'टायपिंगबाई' असं लिहिलं. ते लगेच मंजूर झालं. पासवर्ड टाईप केला की अक्षरांच्या जागी ठिपके उमटायचे, हे मात्र त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. "मी काय लिहिलं ते मलाच दिसू नये? मग मी तपासू कशी?"

पहिला गृहपाठ होता, सगळ्या विद्यार्थ्यांना आपली ओळख करून द्या. बाकीच्यांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. बाईंनी 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत कचेरीतला रीतसर अर्ज पाठवला. इंग्रजीत एक चूक नाही. मुंबईच्या शिक्षकानं उत्तर दिलं की इतकं औपचारिक लिहायची गरज नाही, आपण सगळे इथे मित्र आहोत. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि 'नोटेड' एवढंच उत्तर पाठवलं.

त्यांनी तो कोर्स एकटीसाठी ठेवला नाही. टायपिंगची परीक्षा झालेल्या आम्हा तीन मुलींना त्यांनी थांबवून घेतलं. कॉम्प्युटर एकच, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून बाई आलेला धडा टाईपरायटरवर उतरवायच्या, कार्बन लावून, प्रत्येकीला एक प्रत. वेब पानाच्या भाषेत प्रत्येक सूचना दोन टोकदार कंसांत लिहावी लागते, आणि आमच्या मशिनांवर तो कंसच नव्हता. बाई तेवढी जागा मोकळी सोडायच्या आणि मग बसून प्रत्येक प्रतीवर लाल पेननं ते कंस काढायच्या. एका पानावर साठ-सत्तर कंस सहज असत. मी एकदा म्हटलं, "बाई, आम्ही काढतो की." त्या म्हणाल्या, "तुम्ही ते वाचायचे आहेत. चुकीचं वाचलंत तर चूक माझी."

मी वेब पान लिहायला अशी शिकले. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. सूचना जिथे सुरू केली तिथे संपवायचीही असते, नाहीतर सगळं पान बिघडतं. बाई पट्टीच्या टोकानं कागदावर ठोकत म्हणायच्या, "उघडलंत ना? मग मिटा. दार उघडं टाकून जायचं नाही." दिवसातून एकदा प्रत्येकीची कॉम्प्युटरवर पाळी यायची. ज्या दिवशी मी लिहिलेलं नाव पहिल्यांदा पडद्यावर निळ्या अक्षरात, बरोबर मधोमध उमटलं, त्या दिवशी बाईंनी जवळ येऊन पडद्याला पट्टी लावली. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे." त्यांच्याकडून एवढं ऐकायला लोकांना सहा-सहा महिने लागायचे.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं खऱ्या उपयोगाचं एक पान बनवायचं होतं. कोणी नट-नट्यांची पानं करत होतं, कोणी स्वतःच्या फोटोंची. बाईंनी एसटीचं वेळापत्रक घेतलं. भोर, नसरापूर, किकवी, वेल्हे, सगळीकडच्या गाड्या. पुण्याहून गड बघायला येणारी मंडळी नसरापूरला उतरून वेल्ह्याच्या गाडीची चौकशी करत हिंडताना त्यांनी पाहिली होती. पान इंग्रजीत, कारण तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी बऱ्याच कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसायचे. खाली बाईंचं नाव आणि ई-मेल. इंटरनेटवर फुकट जागा देणाऱ्या एका ठिकाणी ते पान चढलं.

याच सुमाराला माझ्या घरी कुरबुर सुरू झाली. परीक्षा झाली तरी पोरगी रोज भोरला जाते कशाला? इंटरनेटबद्दल वडिलांनी कुठेतरी वाईट-साईट ऐकलं होतं. ते मला घेऊनच वर्गात आले. दारात उभं राहून म्हणाले, "म्याडम, राग मानू नका. पर ते इंटरनेट लई वंगाळ असतंया म्हणत्यात. पोरीचं लगीन करायचंय आमाला. आता बास करा."

मला वाटलं बाई भाषण देतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा, गायकवाड. काय वंगाळ आहे ते बघूनच जा."

वडील बिचकत बसले. बाईंनी आमचं पान उघडलं आणि किकवीच्या गाड्या एकेक करून मराठीत वाचून दाखवल्या. चार-पाच गाड्या झाल्यावर वडिलांनी हात वर केला.

"थांबा, थांबा. ही सव्वादहाची कुठली? ही आता किकवीला थांबत न्हाई. फाट्यावरनंच जाती."

"कधीपासून?"

"झालं की दोन म्हयनं. तुमी हितं बसून कसं कळणार तुमाला?"

"म्हणूनच तुम्ही यायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "गायकवाड, दुरुस्त करा."

आम्ही दोघं गायकवाड एकदमच हललो. मग मी बसले, ती ओळ काढली, पान पुन्हा चढवलं. वडील तोंड उघडं टाकून बघत होते. "म्हंजी आता म्या सांगितलेलं समद्यांला दिसणार?"

"पुण्यात, मुंबईत, दुबईतसुद्धा."

त्या दिवसापासून वडील आमचे वार्ताहर झाले. विहाराच्या ओट्यावर बसून गाड्यांच्या वेळा विचारायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे, "लिवून घे. उद्या म्याडमला दे."

आता जे सांगायचं ते माझ्या चुकीबद्दल. बाईंचा एक नियम होता. पान चढवण्याआधी एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं मूळ कागदाशी ताडून बघायचं. मग दोघींनी वहीत सह्या करायच्या. त्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. एक दिवस बाई शिरवळला लग्नाला गेल्या होत्या. वेल्ह्याच्या बदललेल्या वेळा माझ्यापाशी होत्या आणि मला लवकर निघायचं होतं, कारण त्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. मी घाईघाईनं वेळा भरल्या, कोणालाही वाचायला न लावता पान चढवलं आणि गाडी पकडली.

आठ-दहा दिवसांनी एक ई-मेल आला. पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचा. ते आणि त्यांची पत्नी वेल्ह्याला मेंगाईच्या दर्शनाला गेले होते. आमच्या पानावर शेवटची गाडी साडेसहाची होती. ते सहाला स्टँडवर आले तेव्हा कळलं की शेवटची गाडी साडेपाचलाच गेली. बायकोला मधुमेह, संध्याकाळचं इंजेक्शन पुण्यात घरी. एका कुटुंबानं त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं. पण त्यांच्या पत्नी चक्कर येऊन पडल्या आणि सकाळी जीप करून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. खाली लिहिलं होतं, 'माहिती खात्रीची नसेल तर देऊ नये.'

बाईंनी तो ई-मेल उभं राहून आम्हाला वाचून दाखवला. मग चढवण्याच्या वहीत बघितलं. तारखेपुढे माझी सही होती. ताडून बघणारीची जागा रिकामी.

"हे कोणी वाचलं होतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. पाचाऐवजी सहा. शेजारशेजारची बटणं.

मला रडू फुटलं. बाईंनी मला रडू दिलं, समजावलं नाही. त्या कॉम्प्युटरपाशी बसल्या आणि उत्तर लिहायला घेतलं. मी डोळे पुसत मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी लिहिलं होतं की वेळ चुकीची होती, चूक माझ्याकडून झाली आहे, आपल्या पत्नीची प्रकृती कशी आहे ते कृपया कळवावं. कुठेही 'विद्यार्थिनी' हा शब्द नव्हता.

"बाई, चूक माझी होती."

"पानाखाली नाव कोणाचं आहे?"

"तुमचं."

"तुमची चूक तुमच्या-माझ्यातली. त्यांच्यापुढे ती माझी. उद्या सकाळी सातला कापूरहोळला या. डबा आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वेल्ह्याला गेलो. बाई सकाळपासून शेवटची गाडी निघेपर्यंत स्टँडच्या बाकावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ मी लिहायची, त्या ताडून बघायच्या. स्टँडवरचे नियंत्रक दोनदा येऊन म्हणाले, "अवो बाई, वेळापत्रक भिंतीवर लावलंय की. उगा कशापायी बसलाय उन्हात?"

बाई म्हणाल्या, "भिंतीवरचं वाचून लिहिलं की चुका होतात. बघून लिहिलं की लक्षात राहतं."

नियंत्रकांनी मान हलवली आणि आमच्यासाठी चहा सांगितला. दुपारी बाईंनी त्या जोडप्याला आसरा देणारं घर शोधून काढलं. दारात जाऊन म्हणाल्या, "तुम्ही आमची चूक निस्तरलीत." त्या घरच्या आजींना काही कळेना. "आमी काय केलं? दोन भाकरी जास्तीच्या थापल्या, बास," त्या म्हणाल्या. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. म्हणजे त्यासुद्धा त्या ई-मेलनं हादरल्या होत्या. फक्त त्यांनी ते आमच्यासमोर सांडू दिलं नव्हतं.

पुढचे चार दिवस माझ्याकडून त्यांनी काहीही चढवून घेतलं नाही. पाचव्या दिवशी वेल्ह्याचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बसा. मी वाचते." आणि त्यांनी वाचलं, मी भरलं. मला काढून टाकणं किती सोपं होतं! त्या गृहस्थांचं उत्तर पंधरवड्यानं आलं. 'पत्नी बरी आहे. आम्ही त्या वेल्ह्याच्या कुटुंबाला भेटायला पुन्हा गेलो होतो, तुमचंच पान बघून. या वेळी गाडी वेळेवर मिळाली.'

मला बघायला आलेल्या पाहुण्यांचा होकार आला होता. फक्त लग्नानंतर हे भोरला जाणं बंद, अशी त्यांची अट होती. वडिलांनी आम्हा कोणालाही न विचारता त्यांना सांगितलं, "न्हाई जमायचं. तिचं पान हाय. रोज बघावं लागतंया." मी आत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ते ऐकून मी तांब्या तिथेच खाली ठेवला.

बाईंचं कोर्सचं प्रमाणपत्र पोस्टानं आलं. आम्ही म्हटलं, भिंतीवर लावूया. "नको, टायपिंग करताना मुलांच्या नजरा वर जातात," असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. पुढे मला जवळच्या वरवे गावातल्या एका छोट्या कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. मालक पुण्याहून कोणाकडून तरी वेबसाईट करून घ्यायच्या विचारात होते. मी म्हटलं, "मी करते." त्यांना ते खोटंच वाटलं. पंधरा दिवसांत करून दाखवली. आज लग्न होऊन, दोन मुलं होऊन, किकवीतच घरी बसून मी हेच काम करते. माझ्याकडे दोन मुली शिकायला आहेत. मी त्यांना 'अहो' म्हणते. त्या हसतात.

टायपिंगला येणारी मुलं कमी होत गेली. बाईंचे गुडघेही जिना चढू देईनात. वाईला त्यांची बहीण एकटी होती, तिच्याकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं. मला निरोप कळला तेव्हा सामान भरून झालं होतं. मी भोरला पोचले तर बाई टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी खिडकीपाशी जाऊन काहीतरी बोलायला लागले. काय बोलायचं ते गाडीत पाठ करत आले होते.

बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गायकवाड, आज कामाचा दिवस आहे ना? सुट्टी सांगून आलात की तशाच?"

"सांगून आले."

"मग ठीक आहे."

टेम्पो सुरू झाला. बाजारपेठेतली गर्दी चुकवत हळूहळू पुढे सरकायला लागला. मी बाजूनं थोडं चालले. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. त्या ड्रायव्हरला काहीतरी समजावून सांगत होत्या. समोरच्या काचेखालच्या धुळीत बोटानं रेघा ओढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा ओढत होत्या. काय ते मला दिसलं नाही. ड्रायव्हर एक डोळा रस्त्यावर ठेवून मान डोलवत होता. वळणावर त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण बाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्याच्याकडे नीट वळून बसल्या.